दोन निकालपत्रांची समीक्षा

कवितेची समीक्षा करणारे ढिगानं आहेत. निकालपत्राची समीक्षा कोण करतो? तेही लिहिलेलंच असतं की. त्यातही शब्द निवडलेले असतात, काही गाळलेले असतात.

मी जिनिंगमधला कामगार. इंग्रजी डिक्शनरी पुढ्यात ठेवून शिकलो. रातपाळी सुटल्यावर हिंगोलीच्या खोलीवर दोन निकालपत्रं वाचून काढली. दोन्ही सुप्रीम कोर्टाची, दोन्ही एकाच खटल्याची. पहिलं 30 एप्रिल 2009 चं, दुसरं 5 मार्च 2019 चं.

जून 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली. ते दुःख खरं आहे, त्याला हात लावायची माझी छाती नाही. पुढं भटक्या जमातीचे सहा मजूर धरले. 2006 ला नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. 2007 ला हायकोर्टानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. 2009 ला सुप्रीम कोर्टानं त्या तिघांनाही परत फाशीच दिली.

आता 2009 चं पत्र बघा. क्रूर, राक्षसी, समाजाचं मन हादरवणारं, अशी विशेषणं जागोजाग. गुन्ह्याचं वर्णन बरोबर आहे, पण ते गुन्ह्याचं आहे! माणूस तोच कशावरून, या प्रश्नापाशी आलं की भाषा घाईला येते. वाईट कवीचंही असंच असतं. पुरावा कमी पडला की आवाज चढवतो.

2019 चं पत्र शांत आहे. ते सांगतं, वाचलेल्या बाईनं घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. ते चौघं या सहांत नव्हते. त्यांचा तपासच झाला नाही. सहाही निर्दोष सुटले, आणि एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हेही लिहिलंय की आरोपी भटके, गरीब मजूर आहेत, तवा खोटं गुंतवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, मोठ्या गुन्ह्यांत कधीकधी असं होतं.

माझं भांडण त्या ‘कधीकधी’शी आहे. 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. कायदा 1952 ला गेला, सवय गेली नाही. आमच्याकडं गाठीचं वजन घटलं की पहिली झडती पालावरून आलेल्या पोराची. मी उभा राहून बघितलंय. बोललो नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

इंग्लंडात बर्मिंगहॅमचे सहा आयरिश मजूर असेच 16 वर्षं आत राहिले, 1991 ला सुटले. त्या लाजेतून तिथं चुकीच्या शिक्षा तपासणारं कायमचं मंडळ निघालं, 1997 ला. आपल्याकडं 2018 ला विधी आयोगानं भरपाईचा कायदा करा म्हणून अहवाल दिला.

2019 च्या पत्रानं चुकार पोलिसांवर कारवाई करा, त्या चौघांचा तपास करा म्हटलं. सहांना पुनर्वसनासाठी माणशी 5 लाख. आतली वर्षं 16. मी हजेरीच्या वहीमागं भागाकार केला. दिवसाला 85 रुपये आले. आमच्याकडं सरकी भरणाऱ्याला याहून जास्त पडतात, अन् संध्याकाळी तो घरी जातो.