श्रद्धा, विचारप्रणाली आणि अस्मिता : 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाच्या निमित्ताने

राजकीय कार्यकर्त्यांच्या आत्मपर लेखनाचे परीक्षण करताना आपल्या समीक्षेत एक गृहीत न तपासताच स्वीकारले जाते. कार्यकर्त्याने प्रथम एखादी विचारप्रणाली पत्करलेली असते, तिच्यातून त्याची मूल्ये निश्चित होतात आणि त्या मूल्यांनुसार त्याची अस्मिता घडत जाते, असा तो क्रम आहे. हा क्रम एकदा मान्य केला की परीक्षणाचे काम फार सोपे होते. लेखक मार्क्सवादी असेल तर मार्क्सवादाची, गांधीवादी असेल तर गांधीवादाची सूत्रे घ्यावयाची आणि ग्रंथातील प्रसंग त्यांखाली नोंदवावयाचे, एवढेच उरते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकाच्या वाट्याला अशी परीक्षणे पुष्कळ आली. १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तथापि 'वारल्यांच्या लढ्याचा इतिहास' यापलीकडे त्याचा विचार क्वचितच होतो. हे पुस्तक वरील क्रमात बसत नाही, किंबहुना तो क्रम उलटा असावा अशी शंका ते उत्पन्न करते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लेखिकेच्या पूर्वायुष्याकडे पाहिले म्हणजे या शंकेला आधार मिळतो. पुण्यातील नामांकित वकील लक्ष्मणराव गोखले यांची ही कन्या १९०७ साली जन्मली. कायद्याची पदवी, त्यानंतर नामदार गोखल्यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सदस्यत्व, साक्षरतेची मोहीम, घरकामगारांची संघटना आणि मग १९३९ च्या सुमारास शामराव परुळेकरांशी विवाह व साम्यवादी पक्षात प्रवेश, असा हा प्रवास आहे. म्हणजे ज्याला आपण विचारप्रणाली म्हणतो ती वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास आली. तोपर्यंतचे सेवाव्रत, कायद्याविषयीचा आदर, साधी राहणी आणि दिलेला शब्द पाळण्याचा कटाक्ष या गोष्टी उदारमतवादी पुण्यातल्या होत्या आणि त्या पुढेही गेल्या नाहीत. बदलले ते त्यांचे नाव व त्यांची दिशा. माणसाचे सामाजिक स्थान त्याच्या विचारांचे रूप ठरविते, असे मानहाइमने १९२९ साली मोठ्या विद्वत्तेने मांडले. त्या न्यायाने ही मुलगी पुण्याच्या न्यायालयात वकिली करीत राहावयास हवी होती. ती तेथे राहिली नाही, याचे उत्तर सामाजिक स्थानात सापडत नाही. ते तिने आधीच गंभीरपणे घेतलेल्या मूल्यांत शोधावे लागते.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. आज कल्याण-डोंबिवलीचा मनुष्य टिटवाळ्यास गणपतीच्या दर्शनाकरिता जातो. त्या गावात ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे काही वारली, त्यांत माह्या धांगडा हा, प्रथमच एका राजकीय परिषदेस आले होते. उंबरगाव व डहाणू या तालुक्यांत त्या काळी वेठ सर्रास चाले. त्याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे आणि त्या बदल्यात नवराबायकोने त्याच्या घरी आयुष्यभर राबावयाचे, असा तो व्यवहार. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सरकारला सादर केलेल्या अहवालात या स्थितीची नोंद झालेली होती. म्हणजे माहिती उपलब्ध होती. उणीव होती ती ही माहिती ज्याला असह्य होईल अशा मनाची.

या पुस्तकाचा सर्वांत समर्थ भाग भयाच्या वर्णनाचा आहे. लेखिका ज्या गावात जाते तेथे तिला प्रथम शोषण भेटत नाही, भय भेटते. माणसे बोलत नाहीत, उत्तरे टाळतात. सावकाराच्या, जंगल ठेकेदाराच्या, शिपायाच्या भयाने त्यांचे सारे व्यवहार व्यापलेले असतात. एखाद्या साच्यातल्या मार्क्सवादी लेखकाने येथे कुळवहिवाटीचे कोष्टक दिले असते. परुळेकर मात्र त्या भयापाशी थांबतात; त्यांच्या दृष्टीने खरा शत्रू तेच आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या सभेत वेठ करावयाची नाही, बारा आणे रोजाखेरीज काम करावयाचे नाही, असे ठरले आणि पुढे लग्नगडी मुक्त होऊ लागले. हे सारे लेखिका सांगते ते मजुरीच्या भाषेत थोडे आणि ताठ मानेने उभे राहण्याच्या भाषेत अधिक. पुस्तकाच्या नावात 'वर्ग' नाही, 'शेतकरी' नाही, 'वारली'ही नाही; 'माणूस' आहे. हा शब्द पक्षाच्या ठरावांतून आलेला नसून लेखिकेच्या पूर्वसंस्कारांतून आला आहे, असे मला निश्चितपणे वाटते. विचारप्रणालीने तिला कोणाशी लढावे हे सांगितले. कशासाठी लढावे हे तिला आधीच ठाऊक होते.

येथवर एका बाजूचा विचार झाला. दुसरी बाजू वारल्यांची आहे आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. वारली लेखिकेला गोदाराणी म्हणत. साम्यवादी कार्यकर्तीला 'राणी' म्हणावे, यातील विसंगतीकडे हसून दुर्लक्ष करणे सोपे आहे. पण वारल्यांच्या दृष्टीने पाहिल्यास येथे विसंगती नाही. ज्याच्या शब्दाला सावकाराच्या शब्दाहून अधिक वजन आहे त्याला संबोधण्यास त्यांच्या अनुभवात जो शब्द होता तो त्यांनी वापरला. संघटनेचेही तसेच झाले. किसान सभा हे तिचे नाव राहिले कागदावर. रानात ती 'लाल बावटा' या नावानेच ओळखली गेली. विचारप्रणाली वारल्यांपर्यंत पोहोचली ती अशी, त्यांच्या श्रद्धांची वस्त्रे नेसून. हे अपरिहार्य होते की उणेपणाचे होते, याचा निर्णय इतका सहज देता येणार नाही.

कारण याच श्रद्धेची कठोर परीक्षा तलवाड्यास झाली. ऑक्टोबर १९४५ मध्ये गवतकापणीच्या दरासाठी संप चालू असताना, गोदाराणीची सभा आहे अशी अफवा पसरली आणि १० तारखेच्या रात्रीपासून हजारो वारली तलवाडा येथे जमले. बाईंची सभा नव्हतीच. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबरचे आणखी चार मिळून पाच जण मारले गेले. जमाव मात्र उधळला नाही. जो विश्वास भयमुक्तीचे साधन झाला होता तोच अफवेच्या मार्गाने शत्रूच्या हातचे साधन झाला, आणि गोळीबारापुढे माणसे टिकून राहिली तीही त्याच विश्वासाने. हे तिन्ही एकाच वेळी खरे आहे. माझ्या मते या ग्रंथाची मोठी मर्यादा येथे दिसून येते. घटनेतील कारस्थान, क्रौर्य आणि शौर्य लेखिका निःसंदिग्धपणे सांगते. परंतु एका व्यक्तीच्या नावाने इतकी माणसे जमू शकतात, ही गोष्ट संघटनेच्या दृष्टीने काय दर्शविते, हा प्रश्न ती स्वतःला पुरेसा विचारीत नाही. पंचवीस वर्षांनंतर लिहिताना तो विचारता आला असता. १८७४ च्या उन्हाळ्यात रशियातील सुशिक्षित तरुण शेतकऱ्यांत गेले तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांतील अनेकांना पोलिसांच्या स्वाधीन केले होते. तेथे विश्वास मिळाला नाही म्हणून चळवळ खचली. ठाणे जिल्ह्यात तो अपेक्षेहून अधिक मिळाला, आणि अधिक विश्वासाचेही काही प्रश्न असतात.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. त्याच १९४५ साली, त्याच डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीचे शिक्षणशास्त्र आणि गांधीजींची ग्रामदृष्टी यांचा तो संगम होता. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्याकडे न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली, कुरणशाळा निघाली. याही स्त्रिया परुळेकरांप्रमाणेच सुशिक्षित मध्यमवर्गातून आल्या होत्या. वारली समाज तोच, वर्ष तेच. पण एकीला त्यांत प्रथम वेठबिगार दिसला, दुसऱ्यांना गुरांमागे धावणारे मूल दिसले. दारिद्र्य कोणीच नाकारीत नव्हते. तेव्हा भेद माहितीचा नव्हता. माणूस जागा होतो तो अन्यायाला नकार देऊन की जिज्ञासेला वाट मिळून, याविषयीच्या श्रद्धेचा तो भेद होता, आणि दोन्ही विचारप्रणाली या श्रद्धेनंतर आल्या. दोन्ही गटांचे समर्थक पुष्कळदा परस्परांस क्षुल्लक लेखतात. पोलिसी बंदोबस्तात कुरणशाळा चालत नाही आणि संपाने अक्षर येत नाही, एवढे ध्यानी घेतले तरी हा वाद पुष्कळ निवळेल.

योगायोग असा की के. जे. सावे यांचा वारल्यांच्या चालीरीतींवरील इंग्रजी ग्रंथही १९४५ सालचाच. त्यात विवाह, देवदेवता, मृत्युसंस्कार यांनी बनलेला वारली आहे. परुळेकरांच्या पुस्तकात नकार देणारा वारली आहे. सावे यांच्या वारल्याला इतिहास नाही, परुळेकरांच्या वारल्याला विधी फारसे नाहीत. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे तिसराच वारली जगापुढे आला. आज ठाणे-डोंबिवलीच्या सदनिकांत पडद्यांवर आणि भिंतींवर तारपा वाजविणारी पांढरी माणसे नाचतात. त्या घरांतील फार थोड्यांना लग्नगडी हा शब्द ठाऊक असेल. ज्या रेषांनी लग्नाचा देवचौक लिहिला जातो, त्याच समाजात लग्न हे दास्याचे निमित्त होत असे, ही गोष्ट त्या पडद्यांवर अर्थातच नसते.

या तीनही प्रतिमा इतरांच्या श्रद्धांनी, निदान इतरांच्या मागणीने, घडविलेल्या आहेत. टिटवाळ्याच्या परिषदेहून परत जाणाऱ्या वारल्यांनी आपल्या पाड्यावर नेमके काय सांगितले असेल, हे परुळेकरांच्या ग्रंथावरून आपणांस कळत नाही. त्यांनी तेथून नेले ते सिद्धान्त नसावेत. आपल्यासारखीच माणसे भाषण करतात आणि सावकाराचे नाव मोठ्याने उच्चारतात, हे दृश्य नेले असावे. पण हे अनुमान झाले. १९४५ साली आठदहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या घरात आहेत. तलासरी व डहाणू हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले असले, तरी ठाणे व कल्याणच्या महाविद्यालयांतील संशोधकांना ते दूर नाहीत. गोदाराणीच्या नावाच्या आठवणी व गाणी तेथे अद्याप कोणाच्या ओठांवर असतील तर ती वारली बोलीतच, लाल बावट्याच्या किंवा अन्य कोणाच्याही परिभाषेत न बसविता, उतरवून घेणे हे एखाद्या प्रबंधिकेचे काम आहे, आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही.