१७.४ वर्षं : भाषा शिकण्याच्या वयाचा एक आकडा आणि त्यामागची गृहीतकं

संशोधनाला नव्यानं लागणारे आपण बहुतेक जण पेपर दोन टोकांकडून वाचतो. आधी सारांश, मग निष्कर्ष, आणि मधलं पद्धतीचं प्रकरण 'नंतर बघू'. आज घेतलेल्या पेपरमध्ये खरी गोष्ट मधेच आहे. जोशुआ हार्टशोर्न, जोशुआ टेनेनबाम आणि स्टीव्हन पिंकर यांचा हा पेपर २०१८ मध्ये 'कॉग्निशन' या नियतकालिकात आला. सहभागी किती, तर ६,६९,४९८. गाजलेला आकडा १७.४. म्हणजे व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण या वयापर्यंत टिकून राहते आणि मग झपाट्यानं उतरते.

प्रश्न जुना आहे. पहिली भाषा शिकवावी लागत नाही. चार-पाच वर्षांचं पोर घरातलं बोलणं ऐकूनच 'तो आला, ती आली, ते आलं' व्यवस्थित लावतं. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला हीच तीन लिंगं वर्षानुवर्षं छळतात. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ च्या पुस्तकात मांडलं की भाषा शिकण्याला एक जैविक मुदत असते आणि ती वयात येण्याच्या सुमारास संपते. यालाच 'क्रिटिकल पीरियड' म्हणतात. १९८९ मध्ये जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत आलेल्या ४६ चिनी आणि कोरियन भाषकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. जितक्या लहानपणी आले तितके गुण जास्त, पण हा संबंध वयात येईपर्यंतच. नंतर आलेल्यांचे गुण कसेही विखुरलेले. उलट हकुता, बियालिस्टॉक आणि वायली यांनी २००३ मध्ये १९९० च्या अमेरिकी जनगणनेतले सुमारे २३ लाख स्थलांतरित तपासले. त्यांना अचानक तुटलेला कडा दिसला नाही, दिसला तो सलग उतार.

एकाच प्रश्नाला दोन उत्तरं का येतात? कारण इथे 'वय' ही एक गोष्ट नाहीच. तीन आहेत: आजचं वय, भाषा पहिल्यांदा कानावर पडली ते वय, आणि मधली अनुभवाची वर्षं. कागद घेऊन मांडून बघा. माणूस आज ३० चा, १० व्या वर्षी शिकायला लागला, तर अनुभव २० वर्षं. आता आजचं वय ३० च ठेवून सुरुवात १५ व्या वर्षी केली, की अनुभव आपोआप १५ वर्षांवर येतो. दोन आकडे धरले की तिसरा हलतच नाही. तिन्ही एकत्र साध्या रिग्रेशनमध्ये टाकले तर सॉफ्टवेअर एक तरी बाहेर फेकणार. मग उशिरा सुरू करणाऱ्याचे गुण कमी आले, तर ते शिकण्याची ताकद कमी झाल्यामुळे की शिकायला वर्षंच कमी मिळाली म्हणून? ४६ माणसांत हे सुटणं अशक्य होतं.

हार्टशोर्न आणि मंडळींचं श्रेय इथे आहे. त्यांनी 'शेवटी किती आलं' हे न विचारता 'कोणत्या वयात शिकण्याचा वेग किती' हे विचारलं. त्यासाठी प्रचंड माणसं हवी होती, म्हणून इंटरनेटवर एक प्रश्नमंजूषा टाकली. तुम्ही इंग्रजी वाक्यांची उत्तरं द्यायची, आणि शेवटी तुमची मातृभाषा आणि इंग्रजीची बोली कोणती असावी याचा अंदाज संगणक सांगणार. लोकांनी ती फेसबुकवर धडाधड शेअर केली. माहिती गोळा करायची इतकी स्वस्त आणि हुशार युक्ती मी क्वचित पाहिली आहे.

आता बातम्यांतल्या आकड्याकडे या. 'दहा वर्षांच्या आत सुरू करा, नाहीतर मूळ भाषकासारखी भाषा येणार नाही' असे मथळे तेव्हा जगभर फिरले. मग १० खरं की १७.४? दोन्ही त्याच पेपरमधले आहेत, पण दोन वेगळ्या गोष्टींची उत्तरं आहेत. १७.४ हे वेग उतरायला लागण्याचं वय. पण व्याकरण पूर्ण बसायला खूप वर्षं लागतात. या मॉडेलनुसार जन्मापासून इंग्रजी बोलणारेही तिशीच्या आसपास शिखरावर पोचतात. त्यामुळे वेग उतरण्याआधी पुरेशी वर्षं हातात हवी असतील तर सुरुवात साधारण १० ते १२ पर्यंत व्हायला हवी. १० हा हिशेबातून निघालेला आकडा आहे. त्या वयात मेंदूत काही बंद पडतं असं पेपर म्हणत नाही.

माझा आक्षेप १७.४ वर आहे. हा आकडा थेट मोजलेला नाही, तो मॉडेलमधून आला. मॉडेलनं आधीच धरलं होतं की वेग एका वयापर्यंत स्थिर राहतो आणि मग घसरतो, आणि ते वय सगळ्या गटांना एकच आहे. म्हणजे कडा आहे हे गृहीत, तो कुठे आहे एवढंच शोधायचं. फान डेर स्लिक आणि सहकाऱ्यांनी हीच माहिती घेऊन गटागणिक वेगवेगळी मॉडेलं लावली, तेव्हा चित्र गटाप्रमाणे बदललं. उशिरा शिकणाऱ्यांत सलग उतारच जास्त जुळला. मूळ बाजूनंही हार मानलेली नाही. चेन आणि हार्टशोर्न यांनी २०२१ मध्ये ११ लाखांहून अधिक माणसांवर तोच दावा पुन्हा मांडला. पण माणसं वाढवून गृहीतक तपासलं जात नाही, हे माझं मत आहे. शिवाय एकाच माणसाला वर्षानुवर्षं कुणी मोजलेलं नाही; वेगवेगळ्या वयांची वेगवेगळी माणसं रांगेत उभी करून वक्र काढला आहे. आणि १७-१८ म्हणजे शाळा संपण्याचं, घर सोडण्याचं, कामाला लागण्याचं वय. ही शक्यता लेखकांनी स्वतः नोंदवली आहे. आपल्याकडे त्याला बारावीचा निकाल म्हणतात! तो मेंदूचा कडा की आयुष्याचा, हे या माहितीवरून वेगळं करता येत नाही.

हे सगळं आपल्याला का हवं? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये म्हटलंय की २ ते ८ या वयात मुलं भाषा फार लवकर आत्मसात करतात, हे संशोधनातून स्पष्ट दिसतं. कोणतं संशोधन, ते तिथे दिलेलं नाही. २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, वाद पेटला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या चर्चेतही 'लहान वयात भाषा पटकन येते' हे वाक्य सतत ऐकू आलं. निर्णय बरोबर की चूक हा राजकीय प्रश्न वेगळा. पुराव्याचं म्हणाल तर हे वाक्य इथे लागू पडत नाही. ते खरं ठरतं जिथे दिवसभर ती भाषा कानावर पडते तिथे. हार्टशोर्न यांच्या 'इमर्शन' गटात बसायला भाषेशी ओळख झाल्यापासूनचं किमान ९० टक्के आयुष्य इंग्रजीभाषक देशात काढलेलं हवं. आठवड्याला काही तासिका म्हणजे इमर्शन नव्हे.

वर्गातल्या शिकण्याबद्दलचा चांगला पुरावा बार्सिलोनाचा आहे. स्पेनमध्ये परकीय भाषा सुरू करण्याचं वय ११ वरून ८ वर आणलं गेलं, आणि कार्मेन मुन्योस यांच्या गटाला आयती तुलना मिळाली. दोन्ही गटांना २००, ४१६ आणि ७२६ तास झाल्यावर मोजलं. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे निघाली. तास तेवढेच, पण मोठं मूल नियम समजून घेतं, लिहून ठेवतं, पहिल्या भाषेशी ताडून बघतं. उच्चारांची गोष्ट वेगळी असू शकते. हार्टशोर्न यांनी उच्चार मोजलेच नव्हते.

या प्रश्नमंजूषेची माहिती खुली आहे, कुणालाही उतरवून घेता येते. आर येत असेल तर एक शनिवार काढा. परदेशात न राहता इंग्रजी शिकलेल्यांचा गट वेगळा करा, त्यावर एकदा सरळ उतार आणि एकदा तुटलेला कडा लावून बघा. मग कडा १५, १७ आणि २० वर सरकवून जुळणी किती बिघडते ते लिहून ठेवा.