दुवा आणि आरंभ : दुरुस्ती-पुस्तिकांचे एक परीक्षण

व्यवसाय-प्रक्रियांचे व्यवस्थापन करणाऱ्या संगणकीय प्रणालींत रजेचा अर्ज, खरेदीची मागणी, देयकाची मंजुरी यांसारख्या कामांचा आरंभ पुष्कळदा एका दुव्याने होतो. ई-मेलमधून आलेला तो दुवा दाबला की प्रक्रिया सुरू व्हावी, ही अपेक्षा असते. ती फोल ठरली म्हणजे दुरुस्ती-पुस्तिकेचा आश्रय घेतला जातो. या पुस्तिकांना वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद बाजूस ठेवला तरी त्यांच्यामागे एक विचारपद्धती असते, आणि तिचे परीक्षण होणे अगत्याचे आहे. न चालणारा दुवा सदोष आणि चालणारा दुवा निर्दोष, असे ही पद्धती गृहीत धरते. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम या पुस्तिकांच्या गुणांची नोंद घेणे न्याय्य ठरेल. सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तरांच्या क्रमांकांवरून दोषाचे स्थान शोधण्याची त्यांची रीत शास्त्रशुद्ध आहे. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही. लॉगिनच्या पानावरून परतताना पत्त्यातील माहिती गळून पडते काय, मूल्यातील '&' हे चिन्ह संकेतबद्ध न केल्यामुळे एकाच मूल्याचे दोन तुकडे होतात काय, या गोष्टीही त्या पाहावयास सांगतात. देवनागरी नावांच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक ठरते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरचिन्हांनी लिहिला जातो. त्यामुळे 'रजा' एवढा लहानसा शब्द पत्त्यात २७ चिन्हे व्यापतो. असा लांबलेला पत्ता ई-मेलमध्ये मध्येच तुटला, तर नवल नाही.

तथापि या रीतीची मर्यादाही लवकरच दिसू लागते. परवानगी नसलेली वस्तू अस्तित्वातच नाही असे भासविण्याची, म्हणजे ४०३ ऐवजी ४०४ असे उत्तर देण्याची मुभा एचटीटीपीच्या मानकानेच सर्व्हरला दिलेली आहे. म्हणून क्रमांक हे लक्षण होय, निदान नव्हे. याहून महत्त्वाचा मुद्दा आवृत्तीचा. कामुंडा ७ या प्रणालीत प्रक्रियेची किल्ली कायम राहते, परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. दुवा किल्लीवर आधारलेला असेल तर नवीनतम आवृत्ती सुरू होते. ओळखक्रमांकावर आधारलेला असेल तर ती जुनी आवृत्ती काढून टाकलेली किंवा स्थगित केलेली नसेपर्यंत तीच सुरू होत राहते. येथे दुवा उत्तम चालतो, कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही, आणि तरीही रद्द झालेल्या नियमांनुसार काम सुरू होते. चालणारा दुवा निर्दोष, हे गृहीत येथेच ढासळते.

या गोंधळाचे मूळ दुव्याच्या स्वभावात आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न येथे मांडलेल्या कल्पनेत दुवा हा माहितीला माहितीशी जोडणारा निर्देश होता. ब्राउझर साधा दुवा उघडतो तेव्हा 'गेट' ही विनंती धाडतो; ही विनंती वाचनापुरती असावी, हे १९९९ च्या आरएफसी २६१६ ने स्पष्ट केले आणि २०२२ च्या आरएफसी ९११० ने ते कायम ठेवले. पहिल्या मानकात तर असाही विचार आहे की, अशा विनंतीतून काही अन्य परिणाम घडले तर वापरकर्त्याने ते मागितलेले नसल्यामुळे त्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. २००५ साली गूगलच्या 'वेब ऍक्सिलरेटर' या साधनाने या भेदाची किंमत दाखवून दिली. पाने आधीच आणून ठेवण्यासाठी ते साधन दुवे स्वतःच उघडत असे. परिणामी ज्या संकेतस्थळांनी काढून टाकण्याची क्रिया साध्या दुव्यावर सोपविली होती, तेथील मजकूर पुसला गेला. ई-मेलमधील दुवे सुरक्षिततेसाठी आधी उघडून पाहणारी यंत्रणाही हेच करू शकते. मग मागणी सुरू झाल्याची नोंद माणसाच्या नावे पडते. त्याने मात्र पत्र वाचलेलेही नसते.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी काही उच्चार हे वर्णन नसून कृती असतात, हा विचार रूढ केला. विनोग्राड व फ्लोरेस यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात तो संगणकाच्या क्षेत्रात आणला : कार्यालयीन व्यवहार म्हणजे केवळ माहितीचे वहन नव्हे; तो विनंत्यांचा व वचनांचा व्यवहार होय. प्रक्रियेचा आरंभ ही अशीच एक कृती आहे, आणि कृतीला कर्ता लागतो. निर्देशाला कर्ता लागत नाही. दुरुस्ती-पुस्तिकांची खरी उणीव ही की, हा भेद त्यांच्या प्रश्नावलीत येतच नाही.

या दृष्टीने पाहता काही 'दोष' गुण ठरतात. कामुंडा ७ मध्ये प्रक्रिया सुरू करण्यासाठी 'पोस्ट' ही विनंती लागते; तिचा पत्ता ब्राउझरच्या पट्टीत चिकटविल्यास काम होत नाही. हे अपयश नसून मर्यादारक्षण होय. दुव्याने केवळ फॉर्म उघडावा, आरंभ मात्र तेथील बटणाने व्हावा, आणि तेच बटण दोनदा दाबले गेल्यास दुसरी प्रक्रिया निर्माण होऊ नये म्हणून प्रत्येक मागणीस एकमेव खूण असावी, ही व्यवस्था अनेक प्रणालींत शक्य आहे. एक दाब वाढतो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे. परंतु त्या एका दाबातच माणसाची संमती असते. दुवा का चालला नाही, हे विचारणाऱ्या पुस्तिका विपुल आहेत. तो कोणाच्या इच्छेने चालला, हा प्रश्न ज्या पुस्तिकेत पहिला येईल, तिलाच निदानाचे शास्त्र म्हणता येईल.