विषाणू आणि बालवयातील कर्करोग : कार्यकारणभावाचा एक प्रश्न

'लॅन्सेट'च्या २८ मार्च १९६४ च्या अंकात एपस्टाइन, अचाँग व बार या तिघांचे एक त्रोटक टिपण प्रसिद्ध झाले. बर्किटच्या लिंफोमातून वाढविलेल्या पेशींत विषाणुकण आढळले, एवढेच त्याचे शीर्षक सांगते. मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणारा पहिला विषाणू हाती आला, हे त्याचे आजचे माहात्म्य उत्तरकालीन लेखकांनी त्यास बहाल केले आहे. कणांचे अस्तित्व आणि त्यांचे कर्तृत्व यांतील अंतर पुढे कोणत्या पुराव्याच्या बळावर ओलांडले गेले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

या शोधाचा उगम एका भौगोलिक निरीक्षणात आहे. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये आफ्रिकी मुलांच्या जबड्यांत उद्भवणाऱ्या या अर्बुदाचे वर्णन केले आणि १९६१ मध्ये मोटारीने सुमारे १०,००० मैलांचा प्रवास करून त्याच्या प्रादुर्भावाचा पट्टा निश्चित केला. उष्ण, पर्जन्यबहुल व सखल प्रदेशातच ही व्याधी आढळते. म्हणून तिचा विषाणू कीटकांद्वारा पसरत असावा, असा तर्क त्यातून निघाला. तर्क आकर्षक होता, पण चुकीचा ठरला. हा विषाणू लाळेतून पसरतो. डास त्या पट्ट्यात वाहून नेतात तो हिवतापाचा परजीवी. नकाशा अचूक, पण त्याचे वाचन फसलेले, असा हा प्रकार होय.

याहून मोठी अडचण निराळीच होती. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला असतो. जो घरोघरी वस्तीला आहे, त्याच्यावर एखाद्याच घरातील चोरीचा आळ कसा घ्यावा? या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी युगांडाच्या वेस्ट नाइल जिल्ह्यात सुमारे ४२,००० मुलांचे रक्त साठवून ठेवण्यात आले. ज्यांना पुढे हा रोग जडला, त्यांच्या आधीच्या रक्तातच विषाणूविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक होते, असे द-ते व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले. असे रुग्ण अवघे १४ होते. संख्या तोकडी म्हणून या परिश्रमांना नाके मुरडणे अन्यायाचे होईल. संसर्ग आधी व रोग नंतर, हा क्रम सिद्ध करण्यास दुसरा मार्गच नव्हता.

तथापि आधी येणे म्हणजे पुरेसे असणे नव्हे. आठव्या गुणसूत्रावरील 'मिक' जनुक स्थानभ्रष्ट होऊन प्रतिपिंडांच्या जनुकांशेजारी जातो, हे १९८२ मध्ये स्पष्ट झाले. हा बदल जवळजवळ प्रत्येक रुग्णात आढळतो. विषाणूचे तसे नाही. युरोप-अमेरिकेतील बहुसंख्य रुग्णांच्या अर्बुदांत तो नसतोच. हा आक्षेप एका वाक्यात उरकण्याजोगा नाही. आफ्रिकेत विषाणू व हिवताप मिळून विशिष्ट पेशींची संख्या व आयुष्य वाढवितात आणि गुणसूत्रांतील अपघाताला वाव देतात, एवढेच फार तर म्हणता येईल.

यकृताच्या कर्करोगाशी तुलना केली असता पुराव्यातील हे उणेपण उघड होते. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात अर्भकांना 'ब' प्रकारच्या काविळीची लस देण्यात येऊ लागली. त्यानंतर ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांतील यकृतकर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आले. कारण दूर केले आणि कार्य घटले. याहून बळकट पुरावा कोणता? बर्किटच्या लिंफोमाबाबत अशी कसोटी लागलेली नाही, कारण त्या विषाणूवर मान्यताप्राप्त लसच नाही. हिवताप दाबून पाहण्याचा प्रयोग मात्र टांझानियाच्या नॉर्थ मारा भागात १९७७ ते १९८२ या काळात क्लोरोक्विन वाटून झाला. रुग्ण घटले खरे. पण ही घट प्रयोगापूर्वीच सुरू झालेली होती.

बालवयातील ल्यूकेमियाकडे वळले म्हणजे विषाणूचा पुरस्कार आणखी दुबळा होतो. १९६४ मध्ये विल्यम जॅरेट यांना मांजरांच्या ल्यूकेमियाचा विषाणू सापडला, तेव्हा मनुष्यातही तसाच सापडेल अशी आशा वाटू लागली. मुलांच्या नेहमीच्या तीव्र ल्यूकेमियात मात्र असा एखादा विषाणू दाखविता आलेला नाही. मेल ग्रीव्ह्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेली उपपत्ती कोणा एका विषाणूला दोषी धरीतच नाही. पहिला जनुकीय बदल बहुधा गर्भावस्थेतच होतो. तान्हेपणी नेहमीचे संसर्ग न झालेल्या मुलांत पुढे उशिरा आलेला एखादा सामान्य संसर्ग दुसऱ्या बदलास निमित्त होतो, असे ती मानते. जेथे संसर्गाचा अभावही दोषाचा वाटेकरी ठरतो, ती उपपत्ती विषाणुजन्य कर्करोगांच्या प्रकरणात बसविणे म्हणजे तिचा अर्थच उलटा करणे होय.