आम्ही आपल्यासोबत आहोत

कथा-कवितांची समीक्षा करून आपले समीक्षक थकले, पण २०२० साली करोनाच्या निमित्ताने जे वाङ्मय महामुरासारखे आले त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. म्हणजे दुकानदारांनी, कंपन्यांनी आणि बँकांनी गिऱ्हाइकांना पाठवलेले सहानुभूतिपर वाङ्मय. मी पडलो बी. कॉम., रसचर्चेचा मला अधिकार नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बँकेची पत्रे गिऱ्हाइकांना वाचून दाखवण्यात माझी उमेद खर्ची पडली आहे. कोणते वाक्य माणसापर्यंत पोचते आणि कोणते वाटेतच दम तोडते, एवढे मला कळते.

या वाङ्मयाची रचना संगीत नाटकासारखी ठरलेली. आरंभी नांदी : ‘या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत.’ (६ फुटांवरून.) मध्ये करुण रस : ‘आपले आरोग्य हाच आमचा ध्यास.’ आणि वाचकाचे डोळे पाणावतात न पाणावतात तोच भरतवाक्य : ‘गाद्यांवर भरघोस सूट!’ सख्खा मेहुणा फोन करत नव्हता, त्या दिवसांत एक टायरवाला मला ‘प्रिय’ म्हणत होता. माझ्याकडे सायकल आहे.

आता सांगा, दुखवट्याच्या घरी आपले शेजारी काय करतात? मुकाट्याने पिठलं-भाकरी आणून ठेवतात. ‘आम्ही पिठल्यासह आपल्यासोबत आहोत,’ असे पत्रक काढत नाहीत. धंद्याच्या पत्रातली भाकरी म्हणजे माहिती. दुकान किती ते किती उघडे, सामान घरपोच येईल का, हप्त्याचे काय?

हप्त्याचेच घ्या. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते ३ महिने लांबवायची मुभा दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. तिचे नाव ‘मोरेटोरियम’. आमच्याकडे पुष्कळांना ते फवारणीचे औषध वाटले, उरलेल्यांना कर्जमाफी. ‘हप्ते थांबतील, व्याज थांबणार नाही’ या ५ शब्दांत काम भागत होते. पण पुष्कळ पत्रांत ‘सोबत’ वरच्या ओळीत ठळक, आणि व्याज तळाशी मुंगीच्या अक्षरांत.

उलट उदाहरण द्यायचे तर जनधन खात्यांचे. बायकांच्या खात्यांत ३ महिने दरमहा ५०० रुपये येणार होते. गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून दिवस ठरवले : ३ एप्रिलला ० आणि १, ४ तारखेला २ आणि ३, असे करत ९ तारखेला ८ आणि ९. त्यानंतर कधीही या. या मजकुरात सहानुभूतीचा एक शब्द नाही, तरी त्या सालचे उत्तम गद्य म्हणून मी त्यालाच पारितोषिक देईन.

पण त्याच्याआधी गावात अफवा पोचली, की पैसे उचलले नाहीत तर सरकार परत घेईल. एक आजी भर उन्हात रांगेत उभी राहिली. खिडकीशी येऊन, पदर तोंडाशी धरून म्हणाली, “बाबू, पैसे वापस त नाही जाणार ना जी?” मोहफुलं वेचायचे दिवस. तिचा अख्खा दिवस बुडाला, आणि त्या रांगेत रोग कुणाकडून कुणाकडे गेला ते देवाला ठाऊक. “नाही जाणार, आजी. मोहाचा हंगाम आटोपून सावकाश या,” एवढेच वाक्य तिला घरी कळते तर ती आलीच नसती.

घरी कळावे कसे? आधी विचारावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’चा दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतींची त्यांना भीती वाटत होती. म्हणून दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा झाला आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. इमारतीबाबत जे जमते ते चार ओळींच्या पत्रकाबाबत का जमू नये?

आमच्या परंपरेत याचा उत्तम लेखक म्हणजे दवंडी देणारा कोतवाल. उद्या सकाळी, चावडीवर, लस टोचणार, लेकरं घेऊन या हो! ‘या कठीण काळात’ असे तो कधी म्हणाला नाही. काळ कठीण आहे हे गावाला ठाऊकच असते. किती वाजता यायचे, ते तेवढे सांगावे लागते.