उत्तर न येणारी पत्रे

अनाथ मुलांच्या कथा बहुधा आश्रय लाभण्याच्या क्षणी संपतात. ऑलिव्हर ट्विस्टला मायेचे घर मिळते आणि डिकन्सची लेखणी थांबते. परंतु वयात आल्यावर ज्याला आश्रमाचे दार ओलांडून एकट्याने जगात पाऊल टाकावे लागते, त्याचे पुढे काय होते? हा प्रश्न साहित्याने क्वचितच विचारला आहे. जीन वेबस्टर (१८७६-१९१६) या अमेरिकन लेखिकेने ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ (१९१२) या पत्ररूप कादंबरीत तो विचारला, म्हणून मुलींचे मनोरंजन मानली गेलेली ही कृती गंभीरपणे वाचावयास हवी.

जेरुशा ॲबट ही जॉन ग्रिअर आश्रमातील सर्वांत मोठी मुलगी. तिचे लिखाण पाहून एक विश्वस्त तिला महाविद्यालयात पाठवतो. शिक्षणाचा खर्च आणि दरमहा ३५ डॉलर तो देणार. तिने महिन्यातून एक पत्र लिहावयाचे. मात्र आपले नाव तो सांगणार नाही आणि पत्रांना उत्तरही देणार नाही.

स्वतंत्र जीवनात शिरताना लागणारी ठेच कशी असते, हे लेखिकेने अचूक टिपले आहे. जेरुशाला अन्नवस्त्राची चिंता नाही. इतर मुलींना घरबसल्या कळलेल्या शेकडो गोष्टी तिला ठाऊक नाहीत, हे तिचे दुःख. मायकेल अँजेलो हा कुणी महादूत असावा, असे तिला वाटते आणि वर्ग हसतो! अठरा वर्षे वीस जणींच्या सोबतीने झोपलेल्या या मुलीला स्वतःची खोली मिळते, तो आनंदही असाच हृद्य. नाताळला मिळालेल्या पैशातून ती स्वतःच भेटी विकत घेते आणि त्या आपल्या कुटुंबीयांनी धाडल्या आहेत, अशी कल्पना करते. या विनोदामागचे अश्रू लेखिका पुसत नाही, दाखवीतही नाही. हाच तिचा संयम.

एरवी आपण गुप्तदान श्रेष्ठ मानतो. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, असे म्हणतो. ही कादंबरी त्या आदर्शाची दुसरी बाजू उघड करते. दाता अज्ञात राहतो खरा, परंतु मुलीचे अंतरंग त्याच्यापुढे पत्रापत्रातून उलगडत जाते. सुट्टी मैत्रिणीकडे न घालवता शेतावरच घालवावी, असा त्याचा हुकूम चिटणिसामार्फत येतो. आजारपणात ती चिडून लिहिते, तेव्हा कोठे गुलाबाच्या कळ्या आणि चार हस्तलिखित ओळी येतात. ती आनंदाने रडते. मासिक रकमेने जे साधले नाही, ते त्या चार ओळींनी साधले. पुढे युरोपची सहल नाकारून ती शिकवणीचे काम धरते आणि लेखनाच्या कमाईतून कर्ज फेडू लागते. तिच्या प्रौढत्वाचा खरा प्रारंभ इथे आहे.

शेवट मात्र पटत नाही. तिला मागणी घालणारा जर्व्हिस हाच तो दाता निघतो. अनाथपण कळेल या लज्जेने तिने ज्याला नकार दिला, त्याला ते आधीपासूनच ठाऊक होते! लेखिका याला सुखान्त म्हणते. उपकारकर्त्याशी विवाह लावून तिने स्वावलंबनाचा प्रश्न सोडवण्याऐवजी झाकला, असे खेदाने म्हणावे लागते.

तरीही ही कादंबरी आपल्या दाराशी येऊन थांबते. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था सोडणाऱ्या अठरा वर्षांवरील तरुणांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. ‘मिशन वात्सल्य’च्या २०२२ च्या सूचनांत दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्यही सांगितले आहे. ते आवश्यकच आहे. परंतु ३५ डॉलर असोत वा चार हजार रुपये, आजारात विचारपूस करणारे आणि नाताळला पानावर वाट पाहणारे माणूस त्यांतून विकत मिळत नाही. धर्मभगिनींच्या आश्रमांना आपली कुटुंबे सणासुदीला मिठाई पोचवतात. तिथून बाहेर पडलेल्या मुलीचे पत्र मात्र कुणाच्या पत्त्यावर यावे, आणि त्याला उत्तर कुणी द्यावे, हे वेबस्टरने आपल्यावर सोपवले आहे.