नारिंग आणि लांकूड

काव्य, नाट्य, संगीत यांच्या पंक्तीस बसवून अत्तराचें परीक्षण करावें, ही कल्पना कांहीं वाचकांस विनोदाची वाटेल. ज्यास जो वास आवडेल तो त्यानें घ्यावा, त्यांत टीकाकाराचें काय काम, असा आक्षेप सहज सुचण्याजोगा आहे. परंतु जेथें योजना आहे, निवड आहे आणि फसण्याचाही संभव आहे, तेथें गुणदोषांचा विचार अप्रस्तुत ठरत नाहीं. पॅरिसच्या एर्मेस या पेढीनें २००६ सालीं काढलेलें ‘तेर द’एर्मेस’ हें सुगंधद्रव्य अशा विचारास पात्र आहे. ‘तेर’ म्हणजे भूमि. याचे कर्ते झाँ-क्लोद एलेना यांचा जन्म १९४७ सालीं ग्रास या गांवीं झाला. अत्तरांच्या धंद्याबद्दल हें फ्रेंच गांव फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे.

नारिंगाचा ताजा वास आणि लांकडाचा गंभीर वास यांची जोडी दिसावयास सोपी, जमावयास मात्र कठीण. नारिंगाच्या सालीच्या तेलांत मुख्यतः लिमोनिन असतें. त्याचे रेणु हलके, म्हणून तें भराभर उडून जातें. वाळ्याच्या मुळांतील तेलाचे रेणु जड, म्हणून त्याचा वास अंगावर कित्येक तास रेंगाळतो. एकाचें आयुष्य घटका दोन घटका, दुसऱ्याचें जवळजवळ दिवसभराचें. या दोघांचा संसार कसा मांडावा? अठराव्या शतकाच्या आरंभीं योहान मारिया फारिना यानें कोलोन शहरीं जें सुगंधी पाणी केलें, त्यांत ताजेपणा हेंच सर्वस्व होतें. तो उडाला कीं पुन्हां शिंपडावयाचें. १९६६ सालीं एद्मों रुदनित्स्का यांनीं दिओर पेढीकरितां ‘ओ सोव्हाज’ रचलें. त्यांत त्यांनीं हेडिओन हें जाई-चमेलीची आठवण देणारें कृत्रिम द्रव्य योजिलें आणि लिंबू व लांकूड यांच्यामध्यें जणूं एक पूल बांधला.

एलेना यांनीं असा पूल बांधला नाहीं. नदीचें पात्र जेथें अरुंद होतें तीच जागा त्यांनीं शोधून काढली. ती जागा म्हणजे कडवटपणा. येथील नारिंगांत रसाची गोडी फारशी नाहीं. सालीचा आणि तिच्या आंतील पांढऱ्या भागाचा कडूपणा आहे. ग्रेपफ्रूट त्यास दुजोरा देतें, मिऱ्यांचा झणका त्यास कोरडें करतो आणि चकमकीची गार घासल्यावर येतो तसा एक दगडी वास मागून डोकावतो. एवढ्या तयारीनंतर वाळा व सीडरचें लांकूड पुढें येतात, तेव्हां ते परके वाटत नाहींत. नारिंग गेलेलें असतें, पण त्याचा कडवटपणा लांकडांत शिल्लक असतो. या कृतीचा मुख्य गुण आमच्या मतें हाच होय.

दोष नाहींत असें मात्र नव्हे. उत्तरार्धांत आयसो ई सुपर या कृत्रिम द्रव्याचा गुळगुळीत, सीडरसारखा वास इतका पसरतो कीं प्रारंभींचे कंगोरे बोथट होतात. शेवटचे कित्येक तास एकच सूर ऐकल्यासारखें वाटतें. दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनांत सहज येईल. वाळा मूळचा आपल्याच देशाचा. ‘व्हेटिव्हर’ हें त्याचें पाश्चात्त्य नांवही तामिळांतून गेलेलें. माठांतल्या पाण्यांत घातलेला आणि उन्हाळ्यांत ताट्यांवर पाणी मारल्यावर दरवळणारा वाळा आपण ओळखतों; तो ओला असतो. येथला वाळा कोरडा आहे, मग ही भूमि कसली? हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. एलेना यांची भूमि खडकाळ व उन्हानें तापलेली आहे. पहिल्या पावसाचा सुगंध तिच्याकडे मागणें म्हणजे शोकांतिकेस विनोदाविषयीं जाब विचारणें होय.

ताजेपणा टिकत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. तो टिकल्याचा भास निर्माण करणारीं अत्तरें बाजारांत पुष्कळ आहेत, आणि घटकेनंतर त्यांचा वास धुण्याच्या साबणासारखा येऊं लागतो. ‘तेर द’एर्मेस’ हें सोंग घेत नाहीं. तें नारिंगास जाऊं देतें, आणि जातांना तें काय ठेवून जाईल याची व्यवस्था आरंभींच करतें. ज्या कलेची कृति काही तासांत हवेंत विरून जावयाची, तिच्याकडून याहून अधिक प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणी करावी?